सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम

माझ्या जिममध्ये नाव नोंदवायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी खोटं बोलतो. कुणी म्हणतो पाच किलो कमी करायचेत, कुणी म्हणतो फक्त फिट राहायचंय. मी दोन्ही वहीत लिहून घेतो आणि पुढच्या महिन्यात त्यांची वाट बघत नाही. वीस वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या निश्चयाबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. तरी भिंतीवर मी निश्चयाचीच वाक्यं रंगवून घेतली आहेत, कारण लोकांना ती लागतात. त्यातलं सगळ्यात मोठं, लाल रंगातलं, माझं स्वतःचं आहे: 'वजन डोक्यात असतं.' त्याच्या शेजारी एका सिंहाचं चित्र आहे.

वहिनी आल्या त्या दुपारी तीनला. त्या वेळी जिममध्ये मी आणि पंखा एवढेच असतो. त्यांनी चपला दाराशी नीट जोडीने ठेवल्या, टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम उचलायला किती दिवस लागतात?"

मी वही उघडली. "उद्देश काय लिहू?"

"सासूबाई."

"त्यांना वजन कमी करायचंय का?"

"नाही. त्यांना उचलायचंय."

मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना बसायला सांगितलं.

त्यांना वहिनी म्हणायचं कारण त्यांचे यजमान माझ्या ओळखीचे. आमच्याच रस्त्यावर त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे आणि सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणतो. दुकानदारांचे काटे ते तपासतात, बरोबर करतात आणि शिक्का मारून देतात. माणूस सरळ, पण ग्रॅमच्या बाबतीत ऐकत नाही. लग्नात बायकोला मंगळसूत्र घालायच्या आधी त्यांनी ते तोलून घेतलं होतं असं बाजारात सांगतात. मी विचारलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

वहिनींचं काम घरबसल्या. एका मोठ्या शिंप्याकडून शर्ट येतात, त्यांची काजं-बटणं त्या करतात. दिवसाला साठ काजं, हाताने. वय पन्नासच्या पुढे, अंगाने किरकोळ, आणि आयुष्यात कात्रीपेक्षा जड काही मुद्दाम उचललेलं नाही.

आता सासूबाईंचं. त्यांना आपण आजी म्हणू, कारण मी तेच म्हणतो. सहा महिन्यांपूर्वी आजी स्वयंपाकघरात घसरल्या आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण आजी पलंगाला लागल्या. सकाळी आठ ते अकरा एक आयाबाई यायच्या. त्या आजींना उचलून खुर्चीत बसवायच्या, आंघोळ घालायच्या आणि जाताना पुन्हा पलंगावर ठेवून जायच्या. अकरानंतर आजी आणि मागच्या खोलीचं छत. मुलाने उचलावं तर काटेवाल्यांची हर्नियाची दोन ऑपरेशनं झालेली, डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा बंद केलेली. वहिनींनी सुरुवातीला एकदा प्रयत्न केला होता. आजी अर्ध्यात कळवळल्या, वहिनी घाबरल्या, आणि दोघी पलंगाच्या कडेवर अडकून शेजारीण येईपर्यंत एकमेकींना धीर देत बसल्या. त्यानंतर कुणी त्या वाटेला गेलं नाही.

आणि आजींना पाहिजे होती खिडकी. पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या पोस्ट ऑफिसचं आवार दिसतं. तिथे रोज पाच वाजता पोस्टमन व्हॉलीबॉल खेळतात. खेळतात म्हणजे बॉल इकडून तिकडे जातो आणि मग पडतो. आजी बारा वर्षं त्या खिडकीत बसून त्यांना ओरडत होत्या. नियम त्यांना फारसे माहीत नव्हते, पण जाळीपाशी उभ्या माणसाने हात वर ठेवले पाहिजेत एवढं त्यांचं ठाम मत होतं. "हात वर!" ही आरोळी आमच्या रस्त्यावर पाचच्या भोंग्यासारखी होती. आजी पडल्यापासून ती बंद झाली, आणि पोस्टमन पाण्याच्या ऑफिसच्या संघाशी लागोपाठ चार वेळा हरले.

"त्या काही बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "पण पाच वाजले की त्यांचं तोंड दाराकडे वळतं. मला ते बघवत नाही."

"सेहेचाळीस किलो तीनशे हा आकडा कुणी काढला?"

"ह्यांनी. खुर्चीसकट तोललं, मग खुर्ची वजा केली."

मी आवाज चढवून म्हटलं, "वहिनी, ठरवलं की सगळं होतं. भिंतीवर काय लिहिलंय बघा."

त्यांनी वाचलं. मग शेजारचं चित्र बघून विचारलं, "हा सिंह कुणाकडे बघतोय?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो सिंह संडासाच्या दाराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज तीनला यायला लागल्या. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली: जमिनीवरचा दांडा पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर उचलायचा आणि ताठ उभं राहायचं. दांडा दहा किलोचा, दोन्ही टोकांना लोखंडी प्लेट लावून वजन वाढवायचं. पहिला आठवडा नुसता दांडा. गाणी लावू का म्हटलं तर नको म्हणाल्या. मी मागे उभा राहून "शाब्बास, आणखी एक!" असं ओरडायला लागलो, तर त्यांनी दांडा खाली ठेवून मला विचारलं, "सर, तुम्हाला काही होतंय का?" त्यानंतर मी गप्प बसायला शिकलो. माझ्या धंद्यात हे सोपं नाही.

त्यांची रीत काजं करण्याचीच होती. एक झालं की दुसरं. वाईट गेलं तर उसवायचं आणि पुन्हा घालायचं. खुश होणं नाही, हिरमुसणं नाही. बाकीची माणसं आरशात बघतात. वहिनी घड्याळात बघायच्या, कारण चारला घरी परतून आजींना चहा द्यायचा असे. माझ्याकडे दंडावर सापाचं चित्र गोंदवलेले गडी आहेत, ते पावसाचं निमित्त करून घरी बसतात. ह्या बाईने चौदा आठवड्यांत एक दिवस बुडवला, तोही शिंप्याकडे लग्नाचे शर्ट आले म्हणून.

चौदाव्या आठवड्यात, शुक्रवारी, मी दांड्याला दोन्ही बाजूंनी मिळून छत्तीस किलो लावले. दांडा धरून सेहेचाळीस. वहिनींनी तो उचलला, ताठ उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं आणि हळू खाली ठेवला. मग पाच वेळा तेच केलं. "वरचे तीनशे ग्रॅम राहिले," म्हणाल्या. मी म्हटलं, "तेवढं डोक्याने उचला." त्या पहिल्यांदा हसल्या. बुधवारी पोस्टमनांचा पाण्याच्या ऑफिसशी पुन्हा सामना होता. बुधवारी पाचला आजी खिडकीत, असं ठरलं.

शनिवारी काटेवाले माझे आभार मानायला आले. त्याआधी त्यांनी माझ्या जिममध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते कुठल्या तरी दुकानातून परतत होते आणि त्यांच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती. "फार केलंत तुम्ही हिच्यासाठी," असं म्हणता म्हणता त्यांनी सहज एक प्लेट हातात घेतली. 'पाच' लिहिलेली. ती त्यांनी जरा वरखाली केली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही पाचाची नाही."

"लिहिलंय की."

"लिहिलंय," ते म्हणाले आणि पिशवीतून काटा काढला.

प्लेट चार किलो चारशे भरली. दहाची आठ किलो आठशे. मी एकेक काट्यावर ठेवत गेलो आणि ते आकडा सांगत गेले. सगळ्याच प्लेटा शेकडा बारा कमी. दांडा तेवढा बरोबर दहा होता, त्याबद्दल त्यांनी माझं अभिनंदन केलं. प्लेटा मी ज्याच्याकडून घेतल्या होत्या तो कधीच गाव सोडून गेला होता. वीस वर्षं माझ्या गावात लोक शंभर किलो उचलल्याचे फोटो काढत होते आणि त्यातला एकही खरा नव्हता. मला बसावंसं वाटलं आणि मी बसलो.

"म्हणजे काल तिने एक्केचाळीस किलो सहाशे ऐंशी ग्रॅम उचलले," काटेवाले म्हणाले. त्यांनी कागद घेतला नव्हता. "तिला सांगितलं पाहिजे."

"अजिबात नाही!" मी उठलो. "सामना चार दिवसांवर आलाय, आता त्यांचं मन मोडता का? वजन डोक्यात असतं. त्यांच्या डोक्यात सेहेचाळीस बसलंय, ते तिथेच राहू द्या."

"आई डोक्यात नाहीये, पलंगावर आहे. तिने मध्येच सोडली तर?"

त्यांना खोटं वजन तसंच ठेवणं जमत नव्हतं आणि मला खरं वजन सांगणं जमत नव्हतं. मग आम्ही दोघा शहाण्यांनी मिळून मधला मार्ग काढला. प्लेटा खऱ्या करायच्या, आणि वहिनींना सांगायचं नाही. एकदा खरे सेहेचाळीस नकळत उचलले की प्रश्नच मिटला. रविवारी मी लागणाऱ्या प्लेटा दुकानात नेऊन दिल्या, काटेवाल्यांनी मागच्या बाजूला लोखंडाचे तुकडे घट्ट बसवले, पुन्हा तोलल्या आणि वर काळा रंग दिला. काम असं झालं होतं की मलाही ओळखू आलं नसतं. त्यांच्या डोळ्यांत समाधान होतं.

सोमवारी वहिनी आल्या. "रंग दिलात वाटतं," म्हणाल्या. मी म्हटलं, जरा बरं दिसतं. त्या वाकल्या, दांडा धरला, उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. हात पुसले, पुन्हा धरला. पुन्हा गुडघा. तिसऱ्यांदा तो जमिनीवरून जेमतेम सुटला.

मी खरं सांगितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. मनाची तयारी कमी पडते."

हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

"शुक्रवारी जमलं होतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तेच चुकून जमलं असणार." त्यांनी चपला घातल्या आणि गेल्या. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. मंगळवारी त्या आल्या नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी काटेवाल्यांच्या दुकानावरून गेलो. ते काटा पुसत बसले होते, पुसलेलाच. "तिने आईला सांगून टाकलं," म्हणाले. "उद्याचं जमायचं नाही म्हणून. आई म्हणाली, असू दे. घरात कुणी रागावलेलं नाही. तेच सहन होत नाहीये."

बुधवारी दुपारी आम्ही दोघे जिना चढून त्यांच्या घरी गेलो. दुसरा मजला, आणि मी धापा टाकत होतो, ही गोष्ट इथेच राहू द्या. वहिनी आजींच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून काजं करत होत्या. आजी पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या पहिलवान. कुणी मेलंय का?"

मी सगळं सांगितलं. प्लेटा, शेकडा बारा, लोखंडाचे तुकडे, रंग. काटेवाले मध्ये मध्ये आकडे दुरुस्त करत होते. वहिनींची सुई चालूच होती. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी दोरा तोडला.

"सोमवारचं वजन खरं होतं?"

"बरोबर सेहेचाळीस," काटेवाले म्हणाले.

"आणि ते गुडघ्यापर्यंत आलं होतं."

"आलं होतं, वहिनी. दोनदा."

"मग शनिवारपासून तुम्ही दोघं मला काय समजत होता?" त्यांनी शर्टाची घडी घातली. आवाज चढला नव्हता, पण काटेवाले भिंतीकडे सरकले. "काजं कमी भरली तर शिंपी मला सांगतो. मी रडत बसत नाही, राहिलेली घालते. तुम्ही मला सांगितलं असतंत, साडेचार किलो राहिलेत, तर मी म्हटलं असतं, बरं. दोन रात्री मला वाटत होतं माझ्यातच काही तरी बिघडलंय."

मला माझी लाल अक्षरांतली भिंत आठवत होती.

मग आजी म्हणाल्या, "माझं वजन सेहेचाळीस कुणी ठरवलं?"

"आई, मी स्वतः तोललं," काटेवाले जरा दुखावून म्हणाले.

"खुर्चीत गोणीसारखी बसवून तोललंस. मी काय गोणी आहे? आयाबाई मला एकट्या उचलतात त्या काय पहिलवान आहेत?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माफ करा. दार लावून त्या रोज माझ्याकडून व्यायाम करून घेतात. डावा पाय रेटायचा, हाताने मान धरायची आणि तीन म्हटलं की उठायचं. तो छोटा काटा आण रे."

काटेवाल्यांनी आतून सपाट काटा आणला. वहिनींनी आजींना हळू कडेला बसवलं. डावं पाऊल काट्यावर ठेवलं.

"आता मी रेटते. वाच."

काटा हलला. "आठ," काटेवाले म्हणाले. "अकरा. चौदा." आजींच्या कपाळावरची शीर फुगली. "सतरा. आई, पुरे."

"सेहेचाळीस तीनशेतून सतरा गेले."

"एकोणतीस तीनशे," काटेवाले म्हणाले.

"एकोणतीस?" वहिनी म्हणाल्या. "तीस तर मी सातव्या आठवड्यातच उचलले."

"ते खरे सत्तावीस सहाशे," काटेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"बरं. मग बत्तीस. नवव्या आठवड्यात."

"एकोणतीस तीनशे साठ. चालेल."

म्हणजे पाच आठवड्यांपूर्वीच. चौदा आठवडे आम्ही तिघं वजनाची चर्चा करत होतो आणि ज्यांचं वजन होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वहिनी आजींच्या समोर उभ्या राहिल्या. "आई, तुम्हाला रेटता येत होतं, तर बोलला का नाहीत? रोज पाचला दाराकडे बघत होता."

आजींनी साडीचा पदर नीट केला. "बोलले असते तर तू जिमला गेली असतीस का?"

"नसते गेले."

"सव्वीस वर्षं तू ह्या घरात आहेस. दुपारी तीनला घराबाहेर पडून चारला परत येताना मी तुला कधी बघितलं नव्हतं. चेहरा लाल, आणि कुणाचं काही विचारत नव्हतीस. चहासुद्धा गुणगुणत करायचीस." त्यांनी वर छताकडे बघितलं. "खिडकी काय, कुठे जाते? म्हटलं, बघू अजून थोडे दिवस छत."

मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं, पण त्या खोलीला खिडकी नव्हती. काटेवाले काटा उचलून त्याची तळची बाजू बघायला लागले, तिथे बघण्यासारखं काही नसतं. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, हात पुसले. कोरडे हवेत, घसरायला नको.

"चला," त्या म्हणाल्या. "मी तीन म्हणते."

पाठ सरळ, गुडघे वाकलेले, पाय रुंद, सगळं मी शिकवलं होतं तसं. आजींचे हात त्यांच्या मानेभोवती, डावा पाय जमिनीवर. मी मागे उभा होतो आणि त्यांनी मला ओरडायला मनाई केली होती. तीन म्हटल्यावर दोघी मिळून उठल्या. एक क्षण त्या तशाच उभ्या राहिल्या, आजींचं तोंड वहिनींच्या खांद्यावर. मग आजी वळल्या आणि चाकाच्या खुर्चीत बसल्या, सावकाश.

पाचला खुर्ची खिडकीपाशी होती. खाली जाळीशी एक ढेरपोट्या पोस्टमन दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता.

"हात वर!"

तो पोस्टमन जागच्या जागी उडाला. हात वर झाले, मान वर झाली, आणि बॉल त्याच्या शेजारी पडला. खालचे सगळे खिडकीकडे बघून टाळ्या वाजवत होते, पाण्याच्या ऑफिसवालेसुद्धा. पोस्टमन त्या दिवशीही हरले.

गुरुवारी मी लाल वाक्यावर चुना फिरवला. सिंह राहू दिला. नव्या प्लेटा आल्या, प्रत्येकीवर काटेवाल्यांचा शिक्का आहे. जुन्या फोटोंबद्दल मी गावाला काही सांगितलेलं नाही, एवढी हिंमत माझ्यात नाही.

वहिनी येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. काम झालं होतं. पण सोमवारी तीनला दाराशी चपला जोडीने लागल्या.

"आता कशासाठी, वहिनी?" मी वही उघडली. "उद्देश काय लिहू?"

"तेच. सासूबाई." त्या दांड्यापाशी गेल्या. "काल ह्यांनी पुन्हा तोललं. सत्तेचाळीस किलो शंभर."

"वाढल्या?"

"हो ना. दोन्ही वेळा जास्तीची पोळी मागून घेतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, मी खाते दाबून, तू जात जा."